पेडल नसलेली बाजू

डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात.
चौसष्टच्या व्हॅलियंटला कारखान्यानंच तसं घडवलेलं.
शेजारच्या ऑरिनला हे ठाऊक नव्हतं,
त्यानं पान्यावर उभं राहून दोन बोल्ट तोडले.
मी काही बोलले नाही.
बाबा असते तर बोलले असते, फिनिशमध्ये,
आणि बरंच.

ब्यूट गावात एप्रिल म्हणजे अजून बर्फच.
गॅरेजच्या दारातून बंद खाणीचा लोखंडी मनोरा दिसतो,
बाबा एकोणीस वर्षं त्याच्याखाली उतरले
आणि दर शनिवारी ह्या गाडीखाली.

ड्रम निघता निघेना, गंजानं धरलेला.
हातोड्याचे चार घाव, शिवी, पाचवा घाव,
मग सुटला तो थेट माझ्या मांडीवर.
आत काळी भुकटी, झिजलेल्या लायनरची.
"फुंकू नकोस," ऑरिन म्हणाला, "ॲस्बेस्टॉस आहे ते."
पाणी मारून पुसून घेतली.
तीस वर्षांचं थांबणं
एका ओल्या फडक्यात.

ड्रमचं एक आहे,
तो थोडा स्वतःहून ओढला जातो.
पायानं चिमूटभर मागावं
तर चाकाच्याच फिरण्यानं शू आत रुततात,
पसाभर देतात.
पण तापला की हात वर.
होमस्टेक घाटात त्यानं एकदा हात वर केले.
मी मागच्या सीटवर, सात वर्षांची.
करपट वास. बाबांचा पाय धप् धप् धप्,
गिअर खाली, इंजिन किंचाळलेलं,
आणि शेजारी आई,
जिच्यापुढे पेडल नव्हतं,
उजवा पाय गाडीच्या तळात रोवून बसलेली.
थांबलो तेव्हा बाबा खाली उतरून
बराच वेळ एका झाडाकडे बघत उभे राहिले.
घरी ह्यावर कुणी शब्द काढला नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट पुढे दोनदा बदललं.
आईच्या बाजूचं तेच आहे.
चवड्याखाली भोक पडलंय,
खालचा पत्रा चमकतो.

ॲनाकोंडाच्या भंगारातून आणलेल्या डिस्क,
चौऱ्याहत्तरच्या एका डार्टच्या, कॅलिपरसकट.
तेराची रिंग कॅलिपरला घासते,
म्हणजे चाकंही चौदाची.
मास्टर सिलिंडर एका कप्प्याचा होता, आता दोन,
पुढचं गेलं तरी मागचं राहावं म्हणून.
नट सगळे सुलटे.
माझा हात डावीकडे अजून उलटाच वळतो.

हवा काढायच्या वेळी ऑरिनची ड्यूटी लागली.
आई वेलदोड्याचा पाव घेऊन आली होती.
"बस," म्हटलं.
"कुठे?"
"तिथे."
एक्याऐंशी वर्षांत ती त्या बाजूला बसली नव्हती.
तिनं आधी झगा सारखा केला, मग आरसा,
आरशाचं काही काम नव्हतं.

दाब. धर.
मी चाकापाशी निपल ढिली करते,
नळीतून बुडबुडे, तपकिरी तेल, बुडबुडे.
निपल घट्ट. सोड.
दाब. धर.
पाठीखाली फरशी गार,
आणि वरून पत्र्यातून तिचा श्वास.
तेल हळूहळू मधासारखं स्वच्छ आलं.
"आता कडक लागतंय," ती म्हणाली.
थोड्या वेळानं, मला नाही, स्टिअरिंगला:
"एवढंच होतं होय."
सोड म्हटलं तरी तिनं लगेच सोडलं नाही.

संध्याकाळी उतारावरून गावात निघालो.
सवयीनं तीनदा दाबायला गेले,
गाडी पहिल्यालाच थांबली,
उरलेले दोन पायातच राहिले.
डिस्क स्वतःहून काही देत नाही,
मागाल तेवढंच, पण तेवढं नक्की.

"गाडी चांगली झाली," आई म्हणाली.
मांडीवर पावाचा डबा, नजर समोर.
खालच्या चौकात दिवा पिवळा झाला.
माझा पाय पोचायच्या आधी
शेजारून आवाज आला,
मॅटच्या भोकातून, पत्र्यावर,
टक्.